लिचेस आणि फेअरी-स्टॉकफिश: हरलेल्या गेमचा पंचनामा आणि घरगुती नियमांचं बुद्धिबळ

आधीच सांगून टाकते, लिचेस या बुद्धिबळाच्या साईटला माझ्याकडून पाचपैकी पावणेपाच आणि फेअरी-स्टॉकफिश या नवे नियम शिकवता येणाऱ्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामला साडेतीन, आणि तरी जास्त मजा मला साडेतीनवाल्यानेच दिली. लिचेसचं कौतुक करताना सगळे म्हणतात फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि ते आहेच खरं. थिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मधे हे सुरू केलं, आता फ्रान्समधली एक ना-नफा संस्था लोकांच्या देणग्यांवर चालवते, कोडसुद्धा उघडा आहे. पण नुसतं फुकट म्हणून काय, फुकट तर सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर सुविचारपण येतात. मला ते आवडायचं कारण हे की तिथे हरलेला गेम उघडून त्यात हात घालता येतो, एक सोंगटी इकडची तिकडे ठेवून बघता येते, आणि असं करता करता माणूस कधी नियमच बदलायला लागतो कळत नाही.

झालं असं की माझा भाचा घोडबंदर रोडला राहतो आणि बुद्धिबळाच्या क्लासला जातो. क्लासचं नाव नको, ठाण्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे गेम झाला की तो एका ॲपमधे टाकायचा, ॲप टक्केवारी सांगणार, आणि ती टक्केवारी पालकांच्या ग्रुपवर. "आज ८२ टक्के अ‍ॅक्युरसी!" बरं त्याच ॲपचं फुकट खातं असेल तर दिवसाला मोजकेच गेम तपासून मिळतात, पुढे पैसे भरा. पोरगं हरून आलेलं, त्याला विचारलं का हरलास तर म्हणतो, "मावशी, ८२ टक्के होते, म्हणजे मी चांगलाच खेळलो." आता याला काय बोलणार!

तर टक्क्यांचं गणित थोडं सांगते कारण बऱ्याच आईबाबांना ते शाळेच्या मार्कांसारखं वाटतं. इंजिन, म्हणजे चाली मोजणारा प्रोग्राम, प्रत्येक चालीनंतर पट कुणाच्या बाजूला किती झुकलाय ते आकड्यात सांगतं, शंभर सेंटीपॉन म्हणजे साधारण एक प्यादं. तुमच्या चालीने तो आकडा जितका घसरला तितकं तुमचं नुकसान, आणि या सगळ्या नुकसानीवरून ती टक्केवारी निघते. म्हणजे समोरच्याने दहाव्या चालीला वजीर फुकट घालवला आणि पुढे तुम्ही नुसतं मारामारी करत सोप्या चाली खेळलात तरी टक्के मस्त येणार, आणि एखाद्या किचकट पोझिशनमधे जीव काढून लढलात, चार बारीक चुका झाल्या, की टक्के कमी. आकडा खोटा नाहीये, पण त्याच्यातून शिकण्यासारखं काही नसतं. पोराला विचारा कुठल्या चालीला फसलास, ते सांगता आलं पाहिजे.

आम्ही आता काय करतो तर गेम लिचेसच्या स्टडीमधे टाकतो, इंजिन बंद ठेवून. स्टडी म्हणजे एक वहीच समजा, एका स्टडीत ६४ चॅप्टर मावतात, प्रत्येक चालीखाली लिहिता येतं, बाण काढता येतात, आणि दोघंजण दोन ठिकाणी बसून एकाच पटावर हात चालवू शकतात. मी वाशीच्या ऑफिसातून निघते तेव्हा तो क्लासमधून घरी आलेला असतो, ट्रान्स हार्बरला बसायला मिळालं तर तुर्भे ते ऐरोलीपर्यंत आमचं चालू असतं. आधी त्याने स्वतः लिहायचं, इथे मला काय वाटत होतं, इथे घाबरलो, इथे घड्याळ बघितलं नाही. मग इंजिन. आणि मग लिचेसमधलं मला सगळ्यात आवडतं ते बटण, आपल्याच चुकांमधून शिकण्याचं, जे तुमची चुकलेली जागा पटावर मांडतं आणि उत्तर न दाखवता म्हणतं दुसरी चाल शोध. बास, एवढंच. पण याने जे डोक्यात बसतं ते लाल-हिरव्या आलेखाने बसत नाही.

एक गेम दाखवते, भाचा काळ्याकडून होता (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी, नुसतं घर दिलं की प्याद्याची चाल). ई४ ई५, घोडा एफ३, डी६, उंट सी४, काळ्याचा उंट जी४ वर, घोडा सी३, आणि इथे याने उगाच जी६ केलं. समोरच्या पोराने घोड्याने ई५ चं प्यादं मारलं, वजीर वाऱ्यावर सोडून. फुकट वजीर दिसल्यावर कोण थांबतंय, याने उंटाने वजीर खाल्ला, मग एफ७ वर उंटाचा शह, राजा ई७, घोडा डी५, मात. जुना सापळा आहे, अठराव्या शतकातल्या लेगाल नावाच्या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखतात. याने वजीर खाल्ला तिथे इंजिनने दोन प्रश्नचिन्हं दिली, म्हणजे घोडचूक. बरोबरच आहे, वजीर न खाता डी६ च्या प्याद्याने ई५ चा घोडा मारायचा होता, मग पांढऱ्याचा वजीर जी४ चा उंट मारतो आणि काळ्याचं एक प्यादंच जातं, जीव तर वाचतो.

पण खरी गंमत त्याच्या एक चाल आधी आहे, आणि ती इंजिनने सांगितली नाही, आम्ही सोंगट्या हलवताना सापडली. जी६ च्या ऐवजी काळ्याचा घोडा सी६ ला ठेवला. आता पांढऱ्याने तोच शहाणपणा केला, घोड्याने ई५ मारलं, तर काळा सी६ च्या घोड्याने तो घोडा मारतो, आणि हाच घोडा आता जी४ च्या उंटाला पण धरून बसलाय आणि सी४ च्या उंटावर पण नजर ठेवून आहे. म्हणजे पांढऱ्याची एक सोंगटी सरळ सरळ गेली आणि बदल्यात एक प्यादं. एक घोडा एका घरात, आणि ज्या चालीला सगळे वा वा करतात तीच चाल मूर्खपणाची होते. भाच्याने हे स्वतः करून बघितलं, दोनदा मागे जाऊन, आणि मग म्हणाला "म्हणजे मी वजीर खाल्ला ते नंतरचं आहे, आधी मी झोपलो होतो." ८२ टक्के वगैरे त्याच दिवशी संपलं.

बाकी सोयी पटपट सांगते. ओपनिंग एक्सप्लोररमधे, म्हणजे सुरुवातीच्या चालींच्या संग्रहात, मोठ्या खेळाडूंचे गेम वेगळे आणि तुमच्या-माझ्यासारख्यांचे वेगळे बघता येतात, दुसरं जास्त कामाचं, कारण आपल्याला कार्लसन भेटत नाही. पटावर सात किंवा कमी सोंगट्या उरल्या की टेबलबेस, म्हणजे आधीच मोजून ठेवलेल्या शेवटांचा साठा, अचूक निकाल सांगतो, अंदाज नाही. पूर्ण गेमचं कॉम्प्युटर अ‍ॅनालिसिस स्वयंसेवकांनी दिलेल्या मशीनवर होतं, आणि पटाशेजारचं चालू इंजिन तुमच्याच मोबाईलवर पळतं, त्यामुळे मोबाईल तापणार आणि बॅटरी उतरणार, लोकलमधे बसून तासभर लावून ठेवू नका.

आता व्हेरियंट्स, म्हणजे बदललेल्या नियमांचे खेळ. लिचेसवर नेहमीचं सोडून आठ प्रकार आहेत. अ‍ॅटॉमिकमधे मारामारी झाली की आजूबाजूच्या घरांमधल्या सोंगट्याही उडतात, शेजारची प्यादी तेवढी वाचतात. थ्री-चेकमधे तीन शह दिले की जिंकलात. किंग ऑफ द हिलमधे राजा मधल्या चार घरांपैकी एकात पोचवायचा. क्रेझीहाऊसमधे मारलेली सोंगटी आपली होऊन परत पटावर उतरते. होर्डमधे पांढऱ्याकडे राजाच नाही, ३६ प्यादी आहेत, आणि भाच्याची आई पहिल्यांदा तो पट बघून म्हणाली की ही तर ठाणे स्टेशनची सहा वाजताची गर्दी आहे. रेसिंग किंग्जमधे शह द्यायलाच बंदी. अँटीचेसमधे सगळ्या सोंगट्या घालवणारा जिंकतो आणि मारता येत असेल तर मारावंच लागतं, आणि हा खेळ तर संपलेला आहे एका अर्थी, मार्क वॉटकिन्स यांनी २०१६ मधे सिद्ध केलं की पांढऱ्याने ई३ ने सुरुवात केली की तो जिंकतोच. तरी माणसं खेळतातच, कारण तो पुरावा पाठ कोण करणार.

आठवा म्हणजे चेस९६०, जो बॉबी फिशरने १९९६ मधे ब्वेनोस आयरेसला जाहीर केला. मागची रांग शफल, फक्त दोन उंट वेगवेगळ्या रंगावर आणि राजा दोन हत्तींच्या मधे, अशा ९६० मांडण्या होतात. ज्यांना वाटतं आपण ओपनिंग पाठ केलंय म्हणून चांगले खेळतो त्यांनी हा एकदा खेळून बघा, पाचव्या चालीला घाम फुटतो. चांगला आहे असं माझं मत आहे. भाच्याला आवडत नाही, कारण क्लासमधलं पाठ केलेलं सगळं पाण्यात जातं.

या आठांच्या पलीकडे लिचेसवर स्वतःचा नियम घालता येत नाही. एक जुगाड आहे तो सांगते. बोर्ड एडिटरमधे किल्लेकोटाचे (कॅसलिंगचे) चौकोन असतात, त्यातल्या टिका काढून टाका आणि पोझिशन तशीच पुढे खेळायला घ्या, झालं, बिनकिल्लेकोटाचं बुद्धिबळ तयार, आणि इंजिनही ते नीट समजून चालतं. हे काही पोरखेळ नाही हां, माजी जगज्जेता क्राम्निक आणि डीपमाइंडच्या लोकांनी २०२० मधे त्यांच्या अल्फाझीरो या स्वतःशी खेळून शिकणाऱ्या प्रोग्रामला नऊ वेगवेगळे नियमबदल शिकवून तपासले, त्यात किल्लेकोट बंद हा एक होता आणि प्याद्याला फक्त एकेक घर हा दुसरा.

प्याद्याला एकेक घर! हे वाचून मी हसलेच, कारण आमचे आजोबा तसंच खेळायचे, देशी पद्धतीने. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, किल्लेकोट नाही, पण राजाला अख्ख्या गेममधे एकदा घोड्याची अडीच घरांची उडी, तीही शह पडायच्या आत, एकदा शह पडला की उडी गेली. लहानपणी मला ते गावठी वाटायचं. आता मांडून बघितलं तर केवढी हुशारी आहे त्यात, प्यादं जी३ आणि राजाची उडी जी२ वर, दोन चालीत राजा घरात. आपल्या आत्ताच्या नियमात एक प्यादं, घोडा, उंट आणि मग किल्लेकोट, अशा कमीत कमी चार चाली लागतात. मीर सुलतान खान याच देशी नियमांवर वाढला, नंतर युरोपी नियम शिकला, इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश चॅम्पियनशिप मारली. त्याला फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, मानद ग्रँडमास्टर केलं कधी, तर २०२४ मधे.

आजोबांचे नियम लिचेसवर नुसते टिका काढून होत नाहीत, कारण राजाची उडी म्हणजे नवीन चाल झाली. एखादी चाल बंद करायची असेल तर कुठल्याही साईटवर दोघांनी तोंडी ठरवूनसुद्धा भागतं, चाल वाढवायची असली की इंजिनलाच शिकवावं लागतं. इथे फेअरी-स्टॉकफिश येतं. हे स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनचंच भावंड, फाबियन फिष्टर यांनी वाढवलेलं, आणि यात व्हेरियंटची एक साधी टेक्स्ट फाईल असते जी नोटपॅडमधे उघडते. तुमच्या खेळाला नाव द्या, कुठल्या खेळावर आधारलेलाय ते लिहा, आणि खाली फरक. डबलस्टेप बरोबर फॉल्स, कॅसलिंग बरोबर फॉल्स, म्हणजे दोन्ही बंद, संपलं, आजोबांचा अर्धा खेळ तयार. उडीसाठी मी डोकं खाजवत बसले होते तर कळलं की कंबोडियाच्या औक चत्रांग खेळात राजाला सुरुवातीला अशीच घोड्याची उडी असते आणि ती फेअरी-स्टॉकफिशला आधीपासून येते. आमच्या आजोबांना कंबोडिया नकाशात दाखवता आला नसता.

नवीन सोंगटीच बनवायची असेल तर बेत्झा नावाची खुणांची पद्धत आहे, राल्फ बेत्झाने केलेली, एकेका अक्षराने चाल सांगायची, एक घर सरळ, एक घर तिरकं, घोड्याची उडी वगैरे, आणि अक्षरं जोडली की सोंगटी तयार. उंट अधिक घोडा आणि हत्ती अधिक घोडा अशा दोन सोंगट्या जगज्जेत्या कापाब्लांकाने १९२० च्या दशकात दहा बाय आठच्या पटावर घातल्या होत्या, त्या इथे दोन मिनिटात होतात.

मग साडेतीनच का दिले? कारण वापरायला हे अजिबात गोड नाही. नुसतं इंजिन आहे, पट दाखवायला वेगळा प्रोग्राम लागतो, फाईलमधे एक अक्षर चुकलं की तुमचा खेळ हवा तसा चालत नाही आणि चूक शोधत बसावं लागतं. ज्यांना नोटपॅड आणि फोल्डर म्हटलं की आठ्या पडतात त्यांनी सरळ पायचेस या साईटवर जावं, तिथे हेच इंजिन आत बसवलंय आणि शोगी (जपानी बुद्धिबळ), श्यांगची (चिनी), कंबोडियन वगैरे बरेच खेळ ब्राउझरमधे तयार मिळतात. स्वतःचा नियम मात्र मग विसरा.

आता आमचा खेळ, नाव खाडी. ठाण्यातल्या माणसाने दुसरं काय नाव ठेवायचं. कॅरमच्या चार काळ्या सोंगट्या घ्यायच्या आणि सी४, सी५, एफ४, एफ५ या चार घरांत ठेवायच्या, तिथे पाणी आहे. त्या घरात कोणी थांबायचं नाही, त्यावरून कोणी जायचं नाही, घोडा तेवढा उडी मारून पलीकडे जाऊ शकतो. बाकी सगळे नियम जसेच्या तसे. फेअरी-स्टॉकफिशला हे फारच सोपं पडतं, मांडणीच्या ओळीत त्या घरांच्या जागी चांदणी टाकली की तिथे भिंत होते.

बदल एवढासा, पण बघा काय होतं. सी चं प्यादं आणि एफ चं प्यादं एकच घर जाऊन अडकतं, म्हणजे पाठ केलेल्या सुरुवातींपैकी क्वीन्स गॅम्बिट नाही, किंग्ज गॅम्बिट नाही, सिसिलियन तर जन्मालाच येत नाही. एफ१ चा उंट ई२, डी३ करून थांबला, पुढे सी४ ला पाणी. सी१ चा उंट डी२, ई३, की एफ४ ला पाणी. म्हणजे दोन्ही उंट नेहमीच्या रस्त्याने बाहेरच पडत नाहीत आणि सगळ्यांना बी३ किंवा जी३ करून कोपऱ्यातून यावं लागतं, कारण ए१-एच८ आणि एच१-ए८ हे दोन मोठे तिरके रस्ते मोकळे आहेत. पोरांची आवडती चार चालींची मात बंद, वजीर एच५ ला येईल हो, एफ७ ला पण जाईल, पण पाठीशी सी४ चा उंट नसेल तर राजा त्यालाच खातो. सोसायटीच्या क्लबहाऊसमधे पहिल्या रविवारी मांडला तेव्हा एका पोराने तीनदा तोच प्रयत्न केला आणि मग रागाने म्हणाला, "हा खेळच चीटिंग आहे." तिथेच मला कळलं की खेळ जमलाय.

दोष निघाला तो एंडगेममधे, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरतात तेव्हा. समजा पांढऱ्याकडे राजा आणि सी३ चं प्यादं उरलंय, काळ्याकडे नुसता राजा. नेहमीच्या पटावर इथे विचार करावा लागतो, राजा कुठे आहे, कोणाची चाल आहे. आमच्याकडे विचारच नाही, प्यादं पाण्यासमोर उभं आणि मारायला समोर काही नाही, बरोबरी. सी आणि एफ ची प्यादी कुणाला मारून बाजूच्या रांगेत गेली तरच वजीर होणार. फेअरी-स्टॉकफिशला स्वतःशीच खेळायला लावलं, थोडेच गेम, त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण बरेचसे बरोबरीत गेले. माणसांच्या गेममधेही तेच, मधे मारामारी मस्त आणि शेवटी चहा प्यायला उठतात.

म्हणून ओहोटी आणली. वीसाव्या चालीनंतर चारही सोंगट्या उचलायच्या, पाणी गेलं, सी आणि एफ मोकळे, आणि आतापर्यंत कोंडलेले उंट एकदम जागे होतात. एकोणिसाव्या-वीसाव्या चालीला दोघंही जे काही पटावर रचून ठेवतात ते बघण्यासारखं असतं. फाईलमधे ओहोटी कशी लिहायची ते मला जमलेलं नाही, म्हणून तपासणी दोन भागात करते, वीस चालींपर्यंत फेअरी-स्टॉकफिश, मग ती पोझिशन चांदण्या काढून लिचेसच्या साध्या अ‍ॅनालिसिस बोर्डवर चिकटवायची, कारण तिथून पुढे ते नेहमीचंच बुद्धिबळ आहे. आणि तिथे परत स्टडी, बाण, इंजिन बंद, सगळं आपलं ठरलेलं. भाचा आता यात माझ्यापेक्षा चिकट झालाय, ओहोटीच्या आधीच्या तीन चाली तो वेगळ्या चॅप्टरमधे ठेवतो.

नुसता रोजचा गेम तपासायचा असेल तर लिचेस घ्या आणि इथेच थांबा, फेअरी-स्टॉकफिशच्या वाटेला जायची काही गरज नाही. घरात नियम बदलायची खाज असलेलं कोणी असेल तर दोन्ही घ्या, आणि कॅरमच्या सोंगट्या लपवून ठेवा. आमच्याकडे सध्या वाद आहे ओहोटी कधी यावी याचा. मी वीसाव्या चालीवर ठाम आहे, क्लबहाऊसमधल्या पोरांचं म्हणणं की पहिला वजीर पडला की पाणी जावं, आणि मग वजीर मारायचा की नाही हाच खेळ होतो म्हणे. येत्या रविवारी त्यांच्या नियमाने खेळणार आहोत.